ओळ एकतीस, रोप नऊ

मे महिन्यात टोमॅटो लावायचा नसतो,
परभणीत हे शेंबडं पोरही सांगेल.
आम्ही मुद्दाम लावतो.
जिंतूर रस्त्याच्या कडेला, त्रेचाळीस अंशांत,
साठ ओळी, ओळीत वीस रोपं,
ठिबकचं पाणी सगळ्यांना सारखं,
आणि बघत बसतो.

झाड तसं मरत नाही. चिवट असतं.
पानं वळतात, बुडखा पिवळा पडतो, उभं राहतं.
गळतं ते फूल.
देठावर एक गाठ असते, मुगाच्या डाळीएवढी,
तिथून सुटतं
आणि भेगेत जातं.
काळ्या मातीची भेग काहीही घेते :
फूल, पेनाचं टोपण, मागच्या वर्षी माझी गाडीची किल्ली.

दुपारपेक्षा रात्र वाईट.
दुपारी झाड दार लावून घेतं,
रात्री उघडावं तर वारा अजून तव्यावरचाच.
सकाळी आठला मी काचेवर पराग झटकतो,
लाल रंगाचा एक थेंब सोडतो.
जिवंत कण रंग पितात.
मेलेले सुरकुतलेले, फिके, रिकाम्या टरफलासारखे.
शंभरात सात. शंभरात चार.
शंभरात शून्य.
वहीत शून्य लिहिताना मी ते नीट गोल काढतो,
का, ते माहीत नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी, म्हणतात लोक हसून.
जर्मनीहून आलेलं बियाणं ओळ बारामध्ये होतं.
एक फळ नाही.

मग ओळ एकतीस, रोप नऊ.
एकोणीस मे. सहा फळं धरलेली, लिंबाएवढी, हिरवीगार.
पराग शंभरात एकसष्ट.
सिद्दीकी सरांना फोन लावला.
ते म्हणाले, पुन्हा मोज.
मोजलं. एकोणसाठ.
लाल फीत बांधली देठाला,
आणि त्या रात्री गच्चीवर पडून
वाणाला नाव शोधत राहिलो, लग्नाआधी
पोराचं नाव शोधावं तसा.

सकाळी कुशावर्ताबाई खुरपं थांबवून बघत होत्या.
"ह्याला काहून फीत बांधली जी?"
मी सांगितलं. सगळं सांगितलं, हातवारे करून.
त्या म्हणाल्या,
"आवं, ह्याच्या बुडाशी तर माझी घागर राहती रोज.
झुपकेदार हाय म्हणून. दुसरी सावली कुठं हाय हितं?"

घागर.
ओल्या पोत्यात गुंडाळलेली,
सकाळी सातपासून उन्हं उतरेपर्यंत,
पाझरत, निथळत,
वीत-दोन वीत हवा गार करत.

वहीत लिहिलं : रोप नऊ बाद. कारण : घागर.
सरांनी "घागर" खोडून "बाह्य आर्द्रता" केलं.
दुसऱ्या दिवशी नवा नियम :
पाण्याची भांडी बांधावर, दोनशे पावलांवर.
टाईप मीच केला.
बायका त्यानंतर दिवसातून किती वेळा पाणी प्यायल्या
याची नोंद नाही.

सहातली पाच फळं त्यांनी वाटून घेतली, भाकरीसोबत.
सहावं माझ्याकडे दिलं.
"बी धरा. एवढं गोड लागत नाई दुसरं."
गोडीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.
बी धुतलं, राखेत घोळलं, पाकिटात घातलं,
पाकिटावर आकडा टाकला नाही.

यंदा साठाव्या ओळीपलीकडे
अकरा रोपं आहेत, नकाशात नसलेली.
कुशावर्ताबाईंना बजावलंय, इथं काही ठेवायचं नाही.
त्या म्हणाल्या, बरं.
"बरं" म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावरून कळत नाही.

आज चोवीस मे.
दहा रोपांची फुलं भेगेत गेली.
अकराव्यावर एक देठ आहे,
गाठ अजून सुटलेली नाही,
पाकळ्या वाळून टोकाला चिकटल्यात
आणि आत काहीतरी, ज्वारीच्या दाण्याएवढं.
काच काढली नाही. सरांना फोन नाही.
आधी वाकलो,
बुडाशी मातीत
घागरीचं वळं उमटलंय का, पाहिलं.
मग पलीकडून येऊन पुन्हा पाहिलं.